टवका आणि पत्रा: सिरोंच्याच्या वाटेवरची रंगदुरुस्ती

चालत्या गाडीवर खडा आदळून रंगाचा जो बारीक तुकडा उडतो, त्याला मराठीत टवका म्हणतात. चहाच्या कपाचा उडतो तोच. ओरखडा लांब असतो आणि बहुधा उथळ; टवका तिळाएवढा दिसला तरी थेट पत्र्यापर्यंत पोचलेला असू शकतो. त्यामुळे ओरखडा लगेच नजरेत भरतो आणि टवका राहून जातो. दोन पावसाळे गेल्यावर मात्र ओरखडा आहे तसाच असतो, आणि टवक्याभोवतीचा रंग फुगून पोपडा धरू लागतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंचा तालुक्यात हा प्रश्न रोजचा आहे. प्राणहिता येथे गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेलंगण, आणि पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. साकोलीहून वडसा, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली असा येणारा राष्ट्रीय महामार्ग ३५३ सी आणि मंचेरियालहून बिजापूर, जगदलपूरकडे जाणारा महामार्ग ६३ सिरोंच्यात भेटतात. आलापल्ली ते सिरोंचा हा शंभरेक किलोमीटरचा जंगलातला टप्पा रेपनपल्ली, उमानूर, जिमलगट्टा या गावांवरून जातो आणि कित्येक वर्षे तो उखडलेला रस्ता म्हणूनच ओळखला गेला. खड्डा मुरूम टाकून बुजवायचा, पावसात मुरूम वाहून जायचा आणि खालची गिट्टी मोकळी व्हायची, हे चक्र या रस्त्याने वर्षानुवर्षे पाहिले. त्यात नदीपात्रातून निघणारे रेतीचे टिप्पर आहेत. गडचिरोलीकडे जाताना आलापल्लीच्या पुढे सुरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाचे अवजड ट्रकही त्याच रस्त्याला लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी कामासाठी जाऊन-येऊन चारशेहून अधिक किलोमीटर पडतात, त्यामुळे महिन्यातून दोन फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर वर्षभरात बरीच ठिपक्यांची नक्षी उमटते.

खड्याचा मार किती बसतो हे त्याच्या आकारापेक्षा वेगावर जास्त ठरते. दोन रुपयांच्या नाण्याइतका, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम वजनाचा खडा ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळला तर त्यात सव्वा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. अर्धा किलोचे वजन वीतभर उंचीवरून पत्र्यावर सोडावे तेवढा हा आघात, आणि तो सगळा खड्याच्या एका टोकावर एकवटलेला. वेग निम्मा केला तर ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाईवर येते. समोरून येणाऱ्या टिप्परच्या चाकाने मागे नव्हे तर पुढे किंवा आडवा भिरकावलेला खडा असेल, तर दोन्ही गाड्यांचे वेग मिळून आघात होतो. ताशी १२० किलोमीटर सापेक्ष वेगाला तोच ५ ग्रॅमचा खडा पावणेतीन ज्यूलवर जातो.

खड्याची धारही महत्त्वाची. नदीतली गोटी पाण्याने घासून गुळगुळीत झालेली असते. ती आदळली तर पुष्कळदा रंगाला नुसता तडा देते किंवा घसरून जाते. क्रशरमधून निघालेल्या गिट्टीला ताज्या कडा असतात. ती कड रंगात छिन्नीसारखी घुसते. डांबराचा थर नवा टाकल्यावर वर पसरलेली बारीक खडी पुरती दबण्याआधीच वाहतूक सुरू झाली, तर पहिले काही दिवस तो नवा रस्ता जुन्या खड्ड्यांपेक्षा रंगाचे अधिक नुकसान करतो. गुळगुळीत दिसतो म्हणून वेगही तिथेच वाढतो.

टवके कुठे पडतात यावरून ते कशाने पडले हे कळते. बॉनेटची पुढची कड, बंपर, आरशांच्या पाठी, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि काचेच्या वरची छताची कड या जागांवर पुढच्या किंवा समोरून येणाऱ्या वाहनाने उडवलेले खडे लागतात. दारांचा खालचा भाग, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकाची कमान यांवरचे टवके मात्र गाडीच्या स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांचे असतात. हे दुसऱ्या प्रकारचे टवके अधिक घातक, कारण तिथेच चिखल साचतो आणि तिथे कोणी वाकून पाहत नाही.

दुरुस्ती समजून घ्यायची तर रंगाचे पापुद्रे माहीत हवेत. पोलादी पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत त्यावर जस्ताचा मुलामा असतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा अतिशय पातळ थर चढवतात. मग संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने पहिला अस्तर-थर बसवतात. तो सुमारे २० मायक्रॉन जाडीचा असतो आणि सांध्यासांध्यांत पोचतो. गंजापासून खरे रक्षण त्याचेच. त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर १५ ते २० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. सगळे मिळून १०० ते १३० मायक्रॉन भरते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे पत्रा आणि पाऊस यांच्यामध्ये जेमतेम दोन केसांचे अंतर आहे. अस्तर-थर १६० अंशांहून अधिक तापमानाला आणि वरचे थर १३०-१४० अंशांना भट्टीत भाजलेले असतात. गाडीत एकदा काच, वायरी, रबर आणि प्लास्टिक बसले की इतके तापमान पुन्हा देता येत नाही. कारखान्याच्या रंगाची बरोबरी नंतरचा कोणताही रंग का करू शकत नाही, याचे हे साधे कारण आहे. म्हणूनच जो मूळ रंग शिल्लक आहे तो राखून दुरुस्ती करावी, हे या कामातले पहिले सूत्र ठरते.

टवका किती खोल आहे हे त्याच्या तळाच्या रंगावरून ओळखतात. तळाला गाडीचाच रंग दिसत असेल आणि फक्त चमक गेली असेल, तर केवळ क्लिअर उडाले आहे. करडा किंवा पांढरट तळ म्हणजे प्रायमरपर्यंत, आणि काळपट किंवा राखी चकचकीत नसलेला तळ म्हणजे बहुधा अस्तर-थरापर्यंत. चांदीसारखी चमक दिसली तर पत्रा उघडा पडला आहे, आणि तांबूस ठिपका म्हणजे उशीर झाला आहे. बंपर प्लास्टिकचा असल्याने तिथे तळ काळा दिसतो. तो गंजत नाही, तेव्हा त्याची घाई नसते. काही गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असते. तिथे तांबूस गंज न येता पांढरी भुकटी धरते.

वाहन उद्योगात रंगाची खडा-सहनशक्ती मोजण्याची प्रमाणित चाचणी आहे. रंगवलेल्या पत्र्यावर हवेच्या दाबाने नदीतली घासलेली, साधारण साडेनऊ ते सोळा मिलिमीटर आकाराची खडी मारतात आणि मग टवके मोजतात. आकाराचे चार वर्ग आहेत: एक मिलिमीटरच्या आतले, एक ते तीनचे, तीन ते सहाचे आणि सहाच्या वरचे. घरच्या भाषेत राई, बाजरी, ज्वारी-तूर आणि वाटाणा असे म्हटले तरी चालेल. संख्येबरोबरच कोणता पापुद्रा सुटला याचीही नोंद होते. हाताने दुरुस्ती करणाऱ्यालाही हीच दोन मापे लागतात. राई-बाजरीएवढा टवका थेंबाने भरता येतो आणि हातभर अंतरावरून दिसेनासा होतो. ज्वारी-तुरीएवढा भरता येतो, पण दिसतो. वाटाण्याएवढ्याला किंवा एकमेकांत मिसळलेल्या टवक्यांना पेंटरकडेच जावे लागते.

उघड्या पोलादाला पाणी आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. हवेतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाऊस नसतानाही तो चालू राहतो, आणि जून ते सप्टेंबरमध्ये इथल्या नद्यांच्या मुलखात आर्द्रता त्याखाली फारशी येत नाही. भर पावसाळ्यात ताज्या टवक्यावर एका रात्रीत तांबूस झाक येते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो रंगाच्या कडेखाली शिरून पापुद्रा वर उचलतो, उचललेल्या फटीत पुन्हा पाणी जाते, आणि टवका न वाढता त्याखालचे नुकसान वाढत राहते. जस्ताचा मुलामा असेल तर आधी जस्त झिजते आणि शेजारचे पोलाद काही काळ वाचते. त्यामुळे राईएवढा टवका अशा पत्र्यावर बरेच महिने तग धरतो. चाकाच्या कमानीच्या आत वळलेल्या कडेवर मात्र ओला चिखल आठवडेच्या आठवडे बसून राहतो आणि जस्ताचीही फार मदत होत नाही.

यावरून दुरुस्तीचे दोन हेतू वेगळे करता येतात. एक, पत्रा पुन्हा झाकणे. दुसरा, खूण दिसेनाशी करणे. शहरातल्या सल्ल्यात दुसऱ्यावर भर असतो, कारण गाडी विकताना ती कशी दिसते हे तिथे पाहिले जाते. सिरोंच्यासारख्या ठिकाणी पहिलाच हेतू खरा. रंगाची सगळी सामग्री, रंग जुळवणारे यंत्र आणि धूळबंद खोली असलेले गॅरेज गाठायचे तर चंद्रपूर-गडचिरोलीचा दोनशे किलोमीटरहून लांबचा प्रवास आहे. प्राणहिता आणि गोदावरीवर पूल झाल्यापासून मंचेरियाल आणि वरंगल त्याहून जवळ पडतात, तरी दिवस मोडतोच. आणि त्या जाण्यायेण्यात दोन-चार नवे टवके पडणारच. घरच्या अंगणात, हाताने, मे महिन्याच्या आत केलेली साधी डागडुजी इथे जास्त उपयोगाची आहे, मग ती जवळून पाहिल्यावर दिसली तरी.

या डागडुजीला सामान थोडे लागते: गाडीच्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकाची टच-अप बाटली, क्लिअरची बाटली, छोटा डबा प्रायमर, ४०० आणि २००० क्रमांकाचा वॉटर पेपर, रबिंग कंपाऊंड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड आणि बांबूच्या टोकदार काड्या. रंगाचा क्रमांक चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पाटीवर असतो. नुसता ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ असे सांगून बाटली घेऊ नये. एकाच कंपनीचे चार-पाच पांढरे असतात.

पहिले काम स्वच्छतेचे, आणि निम्मे यश त्यातच आहे. गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवतात. डांबराचे शिंतोडे रॉकेलच्या बोळ्याने निघतात, पण रॉकेलचा तेलकट अंश मागे राहतो, म्हणून नंतर तिथे पुन्हा साबण आणि शेवटी अल्कोहोल फिरवायचे. मेण किंवा पॉलिशचा अंश टवक्यात राहिला तर रंगाचा थेंब पसरत नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होतो.

मग टवक्याची कड पाहायची. नखाने हलकेच खरवडल्यावर जो पापुद्रा सुटतो तो सुटू द्यावा. सैल कडेवर भरलेला रंग तिच्यासकट निघून जातो. तळाला गंज असेल तर तो काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरचा तुकडा गोल कापून काडीच्या टोकाला चिकटवतात आणि काडी बोटांत फिरवत फक्त टवक्याच्या आतच घासतात. आजूबाजूच्या चांगल्या क्लिअरला कागद लागू न देणे ही खरी हातोटी. खळग्यांत अडकलेला काळा गंज कागदाने निघत नाही. तिथे गंज बदलणारे द्रावण लावतात. त्यातल्या फॉस्फरिक आम्लाने गंजाचे लोह-फॉस्फेट होते. दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात टॅनिक आम्ल असते आणि त्याने गंज निळसर काळा, स्थिर संयुगात बदलतो. ही दुसरी रसायनक्रिया या जंगलाला अनोळखी नाही. गडचिरोलीच्या जंगलातून गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून काळी शाई आणि कापडाचा काळा रंग करण्याची रीत भारतात फार जुनी आहे. हिरड्याचा काढा थेट पत्र्यावर चोपडून मात्र भागत नाही, कारण बाजारातल्या द्रावणात टॅनिनबरोबर थर धरून ठेवणारी राळही असते. फॉस्फरिक आम्लाचे द्रावण वापरले असेल तर सांगितलेल्या वेळेनंतर ते पाण्याने पुसून जागा कोरडी करायची. आम्ल मागे राहिले तर वरचा प्रायमर धरत नाही.

पत्रा उघडा दिसत असेल तर त्यावर प्रायमर हवाच, आणि तो त्याच तासात. इपॉक्सी प्रायमर सर्वांत चांगला. तो मिळाला नाही तर जस्त-फॉस्फेटचा चालतो. खिडक्यांच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साइड पोलादाला धरतो खरा, पण जाड बसतो आणि पांढऱ्या रंगाखालून लालसर डोकावतो. अॅल्युमिनियमवर तो लावूच नये. प्रायमरचा थेंब काडीच्या टोकाने टवक्याच्या मधोमध टेकवायचा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. खळगा त्याने भरायचा नसतो, तळ झाकला की पुरे.

रंगाची बाटली चांगली दोन मिनिटे हलवावी लागते. आतल्या गोळ्यांचा आवाज येऊ लागला तरी तळाचा गाळ सुटलेला नसतो. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश या कामाला फार जाड आहे. तो टवक्याच्या दुप्पट जागा माखतो. काडीच्या टोकावर थेंब घेऊन तो खळग्यात सोडणे हीच पद्धत. या रंगात घन भाग थोडा आणि द्रावक फार असते. उडून जाणारा भाग गेल्यावर थेंबाच्या जाडीचा पाचवा हिस्सा वगैरे उरतो. म्हणून एका थेंबात खळगा भरत नाही आणि भरल्यासारखा दिसला तरी सकाळी पुन्हा बसलेला असतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने चार-पाच पातळ थेंब, हाच क्रम. घाईने एकच जाड थेंब सोडला तर वरची साय वाळते, आत द्रावक कोंडते आणि काही दिवसांनी बारीक फोड येतात. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली असतानाच थांबून वर क्लिअरचे दोन-तीन थेंब देतात, इतके की शेवटी जागा जेमतेम उंचवटलेली राहावी.

पुढचे सपाटीकरण ऐच्छिक आहे. ज्याला पत्रा झाकण्यापुरतेच काम करायचे त्याने इथे थांबावे. सपाट करायचेच तर किमान आठवडा, शक्य तर दोन आठवडे थांबून, २००० किंवा त्याहून बारीक वॉटर पेपर खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून साबणाच्या पाण्यात भिजवतात आणि फक्त उंचवट्यावर अलगद फिरवतात. क्लिअर चाळीस मायक्रॉनच्या आसपास असते आणि सूर्यकिरणांपासून रंगाचे रक्षण करणारे घटक त्यातच असतात. आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त घासले गेले तर दोन-तीन उन्हाळ्यांत ती जागा पांढुरकी पडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात टेकवत नाही इतका तापतो. तेव्हा हा हिशेब इथे अधिकच काटेकोर. कागदाने आलेली धुरकट झाक रबिंग कंपाऊंडने जाते. नव्या रंगावर महिनाभर तरी मेणाचे पॉलिश लावत नाहीत.

दुसरी एक पद्धत थेंबाऐवजी माखण्याची आहे. टवक्यांच्या थव्यावर रंग बोटाने चोपडतात, थोडा सुकू देतात आणि सौम्य द्रावकात ओलावलेल्या सपाट कापडाने वरचा रंग पुसून घेतात. खळग्यातला तेवढा मागे राहतो. बॉनेटच्या कडेवर पन्नास-साठ राईएवढे टवके असतील तेव्हा ही पद्धत वेळ वाचवते. पण ती केवळ कारखान्याच्या भाजलेल्या रंगावरच चालते. पूर्वी गॅरेजमध्ये हवेवर सुकवलेला रंग असेल तर द्रावकाने तोही सुटू लागतो.

रंगछटेचा भाग नशिबाचा वाटला तरी त्याला कारण आहे. साधा पांढरा, लाल किंवा काळा रंग थेंबातही तसाच दिसतो. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे असतात. बंदुकीने फवारल्यावर ते आडवे निजतात आणि प्रकाश एका दिशेने परततो. थेंबात ते कसेही उभे-आडवे राहतात, म्हणून सिल्व्हर गाडीवरचा टच-अप काळपट दिसतो. क्रमांक बरोबर असूनही. मोतिया पांढऱ्या रंगात खाली पांढरा आणि वर मोत्याची झाक असे दोन वेगळे थर असतात, ते थेंबाने साधणे सर्वांत कठीण. जिल्ह्यात साध्या पांढऱ्या जीपगाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालकांना या बाबतीत तरी चिंता नाही.

ऋतूचा विचार इथे वगळता येत नाही. दमट हवेत थिनर झपाट्याने उडताना रंगाचा पृष्ठभाग थंड करते, त्यावर हवेतली वाफ बसते आणि क्लिअर दुधाळ होते. पावसाळ्यात केलेले काम यामुळे फसते. भर उन्हाळ्यात उलट घडते: तापलेल्या पत्र्यावर थेंब पसरण्याआधीच सुकतो आणि काडीबरोबर तार धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव उडून गेल्यावर सकाळी दहापासून दुपारी तीन-चारपर्यंत, सावलीत, ही उत्तम वेळ. मार्च-एप्रिलमध्येही सकाळ साधता येते. पावसाळ्यात टवका पडला तर जागा पुसून, कोरडी करून त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब ठेवणे हा तात्पुरता उपाय वाईट नाही. नेलपॉलिश हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी आलेला आणि पुढे भारतातल्या गॅरेजांत गाडीच्या रंगाचेच नाव होऊन बसलेला ‘ड्यूको’ त्याच घराण्यातला. हिवाळ्यात तो थेंब काढून नीट दुरुस्ती करायची, एवढे लक्षात ठेवले की झाले.

बाकीचे काही घरगुती उपाय टाळायला हवेत. घराच्या दाराचा ऑइल पेंट लावला तर तो आठवडाभर चिकट राहतो, धूळ धरतो आणि पुढे कधी त्यावर चांगला रंग मारला तर थिनरने त्याला सुरकुत्या पडतात. टूथपेस्टने टवका भरत नाही, तिच्यातल्या बारीक कणांनी भोवतालची चमक मात्र जाते. टवक्यात पेंटरची लांबी भरणे ही त्याहून मोठी चूक. लांबी पाणी शोषते, आणि उघड्या पत्र्यावर नुसतीच भरली तर ती आतून गंज पोसते.

पेंटरकडे जायची वेळ आली तर काय मागायचे हे माहीत असावे. चार टवक्यांसाठी अख्खे बॉनेट रंगवण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी होतो. त्यात भट्टीत भाजलेला मूळ थर घासला जातो आणि त्याजागी फार तर ६० अंशांना सुकवलेला थर येतो. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग लवकर सुकतो पण उन्हात लवकर फिका पडतो. हार्डनर घालून लावलेला पीयू (पॉलीयुरेथेन) रंग टिकतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ती अडवत नाही. उघड्या शेडमध्ये रुमाल बांधून दिवसभर गन चालवणारा कारागीर हा या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धोका पत्करत असतो, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले जाते. घरी हार्डनरवाला स्प्रेचा डबा वापरू नये, याचेही हेच कारण. विक्रीच्या वेळीही पुन्हा रंगवलेले पॅनेल लपत नाही. जाडी मोजणारे यंत्र १०० ते १३० च्या जागी दोनशेच्या पुढचा आकडा दाखवते आणि घेणारा अपघाताची शंका घेतो. त्यापेक्षा काडीने भरलेले ठिपके प्रामाणिक दिसतात.

विम्यातून रंगाचा खर्च भागवणे क्वचितच परवडते. खासगी कारच्या स्वनुकसान दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपयांची आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपयांची सक्तीची वजावट असते. रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात. शून्य घसाऱ्याची जोड घेतली असली तरी दावा केल्याने विनादावा सवलत जाते, आणि ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली असू शकते. टवक्यांसाठी ती घालवणे तोट्याचे आहे.

टवके पडू नयेत म्हणून करायच्या गोष्टींत पहिली अंतराची. पुढच्या टिप्परपासून लांब राहिले की उडालेला खडा गाडीपर्यंत येईतो खाली बसतो किंवा वेग गमावतो. समोरून अवजड वाहन येताना अॅक्सिलरेटर सोडणे हा फुकटचा उपाय, कारण वर सांगितल्याप्रमाणे वेगाचा हिशेब वर्गाने चालतो. चाकांमागचे मडफ्लॅप शाबूत असले तर दारांचा खालचा भाग आणि मागची कमान बरीच वाचते. ट्रकवर ताडपत्री असणे आणि त्याच्या फाळक्यांतून खनिज-रेती न गळणे हे मोटारमालकाच्या हातात नाही, पण टवके कमी करण्यात त्याचा वाटा कोणत्याही पॉलिशपेक्षा मोठा आहे.

विकत मिळणाऱ्या आवरणांत मोठा फरक आहे. मेण आणि सिरॅमिक कोटिंग यांची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉन. त्यांनी चमक येते, पाणी ओघळते, पण खडा अडत नाही. सिरॅमिक कोटिंग टवक्यांपासून वाचवते असे सांगितले गेले तर ते खरे धरू नये. खडा अडवते ती पीपीएफ नावाची पॉलीयुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड, म्हणजे खालच्या साऱ्या रंगापेक्षा जाड असते आणि मार लवचीकपणे झेलते. मूळ शोध अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि खड्यांपासून वाचवण्यासाठी लागला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात. पूर्ण गाडीला ती फार महाग पडते. आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर नेहमी ये-जा असेल तर बॉनेटची पुढची पट्टी, आरशांच्या पाठी आणि मागच्या चाकांपुढचा दाराचा कोपरा एवढ्यालाच लावून घेणे शहाणपणाचे. फिल्म बसवण्याआधी जुने टवके भरून घ्यावे लागतात, नाहीतर गंज तिच्याखाली झाकला जाऊन वाढतो. दाराखालच्या पट्टीसाठी आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूसाठी जाड, खरबरीत रबरी कोटिंग मिळते. ते दिसायला ओबडधोबड पण स्वस्त असते, आणि तिथे दिसण्याचा प्रश्नच नसतो. ते लावण्याआधी कमानीच्या वळलेल्या कडेत बोट फिरवून साचलेला मुरूम काढायचा, पाण्याच्या पाइपाने जागा आतून धुवायची आणि दिवसभर उन्हात वाळू द्यायची. ओल्या मातीवर चढवलेले कोटिंग पहिल्याच पावसाळ्यात सालासारखे सुटते.